तिचं नाव न घेता

आईच्या जावयाचा फोन आला तेव्हा मी के. आर. पुरमला तिच्याकडेच होते. नाताळच्या सुट्टीत हॉलंडहून तिघं दोन आठवड्यांसाठी आमच्याकडे येणार हे ठरलं होतं. तिकिटं झाली होती, आईने चकलीची भाजणीसुद्धा दळून आणली होती. त्या दिवशी मात्र त्याला निराळंच काही सांगायचं होतं. "आई, छोटीला अजून काही सांगितलेलं नाही. ती हिलाच आई समजते. थोडी मोठी झाली की मी स्वतः सांगणार आहे. तोवर तिच्यासमोर विषय नको निघायला. हॉलमधला फोटोही जरा..." वाक्य त्याने तिथेच सोडलं.

विषय म्हणजे माझी धाकटी बहीण.

लग्न करून ती हॉलंडला गेली आणि छोटी तिथेच झाली. तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद होती, त्यामुळे आईचं बाळंतपणाला जायचं राहून गेलं. छोटी आठ महिन्यांची असताना एका सकाळी बहिणीचं डोकं दुखायला लागलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता, संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. तेव्हाही आमच्यापैकी कुणाला जाता आलं नाही. आईने आपल्या मुलीला शेवटचं पाहिलं ते फोनवर.

पुढे जावयाने दुसरं लग्न केलं. परका देश, नोकरी आणि कडेवर पोर. आम्हीच त्याला कर म्हणत होतो. लग्नासाठी तो पुण्याला आला तेव्हा आई-बाबा जाऊन छोटीला तासभर पाहून आले होते. बाकी ती आम्हाला माहीत होती ती फोनवरच, तेही तिचं लक्ष असेल तर.

"चालेल, तुम्ही काळजी करू नका," एवढंच बोलून आईने फोन ठेवला. माझा पारा चढला. आपल्या घरात, आपल्या भिंतीवर, आपल्या मुलीचा फोटो लावायचा नाही? हा कोण सांगणारा?

"तो तिचा बाप आहे," आई म्हणाली. "उद्या येत नाही म्हणाला तर काय करशील? भांडायला जाशील?" आणि ती स्टूल आणायला गेली. तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. आपल्याकडून काही वावगं होईल आणि ही पोर पुन्हा या घरी यायची नाही. तिच्या मुलीचं या जगात तेवढंच उरलं होतं.

फोटो मी माझ्या एचएसआर लेआउटच्या फ्लॅटवर नेला. मी तिथे एकटीच राहते. तो अजूनही माझ्याकडेच आहे.

मग आई शेजारीपाजारी सांगून आली. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून सांगलीहून इथे आले त्याला चाळीस वर्षं व्हायला आली, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. खालच्या मजल्यावरच्या अक्कांना, कामाच्या बाईला, फुलवाल्याला, प्रत्येकाला आईने आपल्या मोडक्या कन्नडमध्ये बजावलं. अक्का "सरी, सरी", बरं बरं, म्हणत रडायला लागल्या. आई रडली नाही. तिला अजून इस्त्रीवाल्याकडे जायचं होतं.

ते आले. छोटीने कमरेला जाकीट बांधलं होतं. आत येताच तिने बाबांना विचारलं, "तुमच्याकडे मांजर आहे?" बाबांना मांजराचा मनस्वी तिटकारा. "आणूया," ते म्हणाले.

पहिल्याच जेवणाला भात मऊ झाला म्हणून छोटीने नाक फुगवलं. "अगं बाई, हिचं नाक बघा," आई कौतुकाने म्हणाली, "अगदी..." आणि थांबली. पंगतीतले सगळे हात थांबले. "अगदी पप्पांवर गेलीय," आईने वाक्य पुरं केलं. आमच्या जावयाचं नाक चांगलं बसकं आहे. ते फुगवायचं म्हटलं तरी फुगणार नाही.

त्यानंतर हे रोजचंच झालं. माझ्या बहिणीचं जे जे छोटीत दिसायचं, ते आई जावयाच्या नावावर चढवायची. पालथं झोपणं पप्पांचं. ताटातली कोथिंबीर वेचून कडेला लावणं पप्पांचं. एकदा छोटी डाव्या हाताने चित्र काढत बसली होती. माझी बहीण डावरी होती. आई म्हणाली, "पप्पांसारखी डावरी आहे हो!" छोटी खळखळून हसली. "आजी, पप्पा इकडच्या हाताने लिहितात!" आणि तिने उजवा हात वर केला. आई गडबडली. "लहानपणी ते डावरे होते," तिने कसंबसं म्हटलं. समोर जावई बसला होता, उजव्या हातात चहाचा कप धरून.

"हो, होतो मी डावरा," तो म्हणाला. कप खाली ठेवून तो उठला आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा राहिला. तोवर मला त्याचा राग होता. त्या दिवसापासून तो नीटसा धरता येईना.

राहिली त्याची बायको. ती नागपूरकडची. आवाज मऊ, बोलणं कमी. पहिले दोन दिवस आईला काय हाक मारावी हेच तिला कळत नव्हतं. "काकू" म्हणायची, मग जीभ चावायची. आईच म्हणाली, "आई म्हण की." मला ते लागलं. आईने तर तिला डोक्यावरच घेतलं होतं. सकाळी तिच्यासाठी वेगळा उपमा. कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्याला, "अण्णा, स्वल्प गंजी इरोदु कोडी," असं सांगून मऊ खोबऱ्याचं शहाळं निवडून घ्यायचं आणि ते तिच्या हातात द्यायचं. ते दोन आठवडे मी आईकडेच मुक्कामाला होते; दुपारभर ऑफिसचं काम करत हे बघायचे आणि आतल्या आत धुमसायचे. तिचा राग यावा असं तिने काही केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने काहीच केलं नाही. छोटीचे केस ती इतक्या हलक्या हाताने विंचरायची की मला दुसरीकडे बघावं लागायचं.

जायला चार दिवस उरले होते, तेव्हाची गोष्ट. बाबा आणि जावई छोटीला आगगाड्या दाखवायला स्टेशनच्या पुलावर घेऊन गेले होते. डिसेंबरात इथे अवरेकाळूचा मोसम असतो. आपल्या पावट्यासारखे दाणे. रात्री भिजत घालायचे आणि सकाळी एकेक दाणा दाबून सालीतून काढायचा. फार चिकट, वेळखाऊ काम. आई जमिनीवर पेपर पसरून बसली होती. मी समोर, लॅपटॉप बाजूला सारून.

"आई, तुम्ही एवढं सगळं सोलून राहिल्या, मला पण द्या ना," म्हणत जावयाची बायको येऊन बसली. थोडा वेळ तिघींची बोटंच चालली. मग ती म्हणाली, "आई, मला काही सांगायचं होतं."

"तिसरा लागला असेल ना?" आई दाण्यांवरून नजर न काढता म्हणाली.

तिचे कान लाल झाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"कॉफी उकळायला लागली की गॅलरीत पळतेस. न कळायला काय झालं?" आई हसली. खरोखरची हसली. मला तेही आवडलं नाही.

ती हातातला दाणा उगाच फिरवत राहिली. "माझी आई मी शाळेत होती तेव्हाच गेली, तुम्हाला माहीत आहे. यांच्या आईंचे गुडघे असे. त्या नाही म्हणाल्या. पहिलं बाळंतपण माहेरी करतात म्हणतात सगळे. मला तर माहेरच नाही." तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "तुम्ही याल का?"

माझ्या बोटांतला दाणा पिचकला. आई आता काय म्हणते याची मी वाट पाहत होते. खरं तर ती नाही म्हणेल, निदान रडेल, याची. सख्ख्या मुलीच्या बाळंतपणाला जी पोचू शकली नाही, तिला हे विचारायचं? इतकं भाबडं कुणी असू शकतं?

आईने हात पदराला पुसले. "घर तेच आहे ना? कालव्याकाठचं?"

"हो. तेच."

"खिडकीतून बदकं दिसतात," आई म्हणाली. "मला फोनवर दाखवायची." त्या सगळ्या दिवसांत पाहुण्यांसमोर माझ्या बहिणीबद्दल आई बोललेलं हे एवढंच.

"अजून येतात," ती हळूच म्हणाली.

"येईन मी," आई म्हणाली. "डिंकाचे लाडू इथूनच करून आणीन. तिकडे डिंक चांगला मिळत नसेल."

तिला हुंदका आला. तिने आईचा चिकट हात तसाच धरून ठेवला. नंतर सोडला, डोळे पुसले आणि अगदी अडखळत म्हणाली, "आई, एक म्हणायचं होतं. राग नका मानू. छोटी सगळं ऐकत असते. तिकडे आपण तीन महिने एका घरात राहू. तर तेवढं..."

"सांभाळीन," आई म्हणाली. "इथे सांभाळलं ना?"

ती आत जाऊन पडली तेव्हा मी दाराशी जाऊन बघून आले आणि मगच तोंड उघडलं. आवाज दाबून बोलताना माझा राग दुप्पट होतो. "तिच्या घरात जाऊन, तिच्या ओट्यापाशी उभी राहून दुसरीचं बाळंतपण करणार तू? आणि तीन महिने तिचं नावही घ्यायचं नाही? कशी राहशील?"

आईची बोटं थांबली नाहीत. "तीन महिने छोटीला मी सकाळी उठवीन. तिची वेणी घालीन. शाळेला पोचवीन. ती शाळेतून आली की दार मी उघडीन." सालं गोळा करून तिने बाजूला केली. "आणि माझ्या लेकीचं घर मी अजून पाहिलेलं नाही गं. कुठे उभी राहून माझ्याशी बोलायची ते तरी बघेन." थोड्या वेळाने म्हणाली, "या पोरीला तरी कोण आहे?"

मी आणखी चिडले आणि दाणे तसेच टाकून उठले.

ते निघाले तेव्हा आईने जावयाच्या बायकोची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, सगळं रीतसर, लेकीची भरतात तशी. तिने ओढणी पसरून ती घेतली आणि आईच्या पाया पडली. छोटीने बाबांना मांजर कधी आणणार विचारलं आणि टॅक्सीत बसल्याबरोबर डाव्या हाताने काचेवर काहीतरी रेखाटायला लागली. जावई आईला म्हणाला, "जूनमध्ये तिकीट पाठवतो." त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण टॅक्सीवाला घाई करत होता.

पुढच्या रविवारी मी के. आर. पुरमला गेले. घर पुन्हा आमच्या तिघांचं झालं होतं. दोन आठवडे मी मूग गिळून बसले होते, आणि माझ्यासारखीला ते किती जड जातं हे मला ओळखणारा कुणीही सांगेल. आता कुणाची चोरी नव्हती. जेवताना मी म्हटलं, "आई, ती डाव्या हाताने चित्र काढत बसली ना, तेव्हा मला वाटलं आपली..."

आईने भाताचा हात वर केला. "नको."

"अगं, आता कुणी नाहीये ऐकायला."

"म्हणूनच नको. मला सवय लावून घेऊ दे," आई म्हणाली. "माझ्या जिभेचा मला भरवसा नाही. मांडीवर छोटी असताना एकदा जरी तोंडून निघून गेलं, तरी मला पुन्हा बोलावणार नाहीत. तूही काढू नकोस. तू काढलंस की मला बोलावंसं वाटतं."

बाबा खाली बघून जेवत होते. मी आईला म्हणणार होते की हे आम्हाला नाही जमणार, की ती तुझी एकटीचीच नव्हती. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की मी आमटी वाढून घेतली आणि मीठ कमी आहे म्हणाले.

आई जूनमध्ये जाईल. रविवारी मी जाते तेव्हा आम्ही पासपोर्टबद्दल बोलतो, डिंकाबद्दल बोलतो, तिकडच्या पावसाबद्दल बोलतो. माझ्या बहिणीचं नाव आता आमच्याही घरात कुणी घेत नाही.