सगळ्यांच्या मागं

"टेम्पोत मी बसायची नाही. टेम्पोत बसायला मी काय गॅसचा सिलिंडर आहे?"

"मावशी, सायकलींच्या मागं एक टेम्पो ठेवू म्हणतोय, त्यात कायमचं थोडंच बसायचंय? चढ आला की बसायचं, चढ संपला की उतरायचं."

"म्हणजे जिथं सायकल लागते तिथंच सायकल चालवायची नाही. डोकं भारी आहे रे तुझं."

बोलताना मावशीनं मान वर केली नाही. तिच्या डाव्या हातात प्लास्टरचा जबडा होता, उजव्या हातात दिव्यावर तापवलेली छोटी सुरी, आणि गुलाबी मेणाच्या हिरडीत ती एकेक दात बसवत होती. मावशी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माप धाडतात, ही दात धाडते. खोली कोंबडीच्या खुराड्याएवढी. एक टेबल, एक घासायचं मशीन, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर लोकांचे जबडे ओळीनं आ वासून बसलेले. समोरच्या स्टुलावर आमचा कप्तान त्या जबड्यांशी नजरानजर टाळत बसला होता. स्टूल एकच, म्हणून मी दारात.

कप्तान म्हणजे आमच्या रविवारच्या सायकल टोळीचा म्होरक्या. विम्याच्या ऑफिसात नोकरी, पायात पायडलला चिकटणारे बूट, आणि सायकल अशी हलकी की शिंकलं तर पडावी. माणूस वाईट नव्हता. टोळी लांब न्यावी, जोरात न्यावी, एवढीच त्याची हौस. त्या हौसेच्या आड मावशी येत होती, कारण मावशी आमची शेपूट.

शेपूट म्हणजे सगळ्यांच्या मागून येणारा गडी. त्याच्या अंगात पिवळं जाकीट. पुढचे लोक प्रत्येक वळणावर थांबतात, मागं बघतात. पिवळं दिसलं की सगळे आले असं धरायचं आणि पुढं सुटायचं. शेपटीच्या मागं कुणी राहायचं नाही आणि शेपटीनं कुणाच्या पुढं जायचं नाही. टोळीचा कायदा म्हणावा तर हा एकच, आणि तो मावशीनंच केलेला.

तिची सायकल सुरू झाली ती पोटासाठी. नवऱ्यानं स्कूटर घेतली आणि त्याची जुनी सायकल जिन्याखाली गंजत पडली. ही तेव्हा कवळ्यांच्या डब्या पिशवीत घालून दवाखाने पायी हिंडायची. एक दिवस तिनं ती सायकल बाहेर ओढली. मधल्या दांड्यावरून पाय टाकणं जमेना, म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची मारत, लंगड्या बगळ्यासारखी ती सगळ्या गल्लीतून गेली. पोरं हसली. नवरा म्हणाला, "लोक काय म्हणतील?" ही म्हणाली, "लोकांचे दात माझ्या पिशवीत आहेत. काय म्हणायचं ते दात बसल्यावर म्हणतील."

पुढं बऱ्याच वर्षांनी, डॉक्टरांच्या वाटा पाठ झाल्यावर, ती आमच्या टोळीत आली. पहिल्याच रविवारी आम्ही तिला उड्डाणपुलाच्या अलीकडं सोडून पुढं निघून गेलो. मुद्दाम नव्हे, कुणाच्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी होती. आम्हाला वाटलं, आता रडगाणं ऐकायचंय. ती एवढंच बोलली, "आजपासून मी सगळ्यांच्या मागं. बघते कोण सुटतं ते." तेव्हापासून कुणी सुटलं नाही. पंक्चर, उतरलेली चेन, भरून आलेले पाय, नवीन लग्नातली भांडणं, सगळं तिनं मागून गोळा करून आणलं.

आता तिचा गुडघा कुरकुरायला लागला होता. चढावर ती इतकी हळू यायची की वळणावर थांबलेल्यांच्या पायाला मुंग्या यायच्या. कप्तानाचं म्हणणं साफ खोटं नव्हतं.

"शेपूट दमदार पाहिजे मावशी," तो म्हणाला. "कुणी मागं पडलं तर सांभाळायला. तुम्हीच मागं पडायला लागलात तर कसं?"

"गुडघा बोलतो माझा, मला ऐकू येतं. बोलू दे त्याला. मी काही त्याला विचारून सायकल चालवत नाही."

"जाकीट पोहण्याच्या मास्तरला द्यायचं ठरलंय."

मावशीनं सुरी परत दिव्यावर धरली. "कुणी ठरवलं?"

कप्तानानं माझ्याकडं बघितलं. मी जबड्यांकडं बघितलं.

"खुंटीवर आहे, घेऊन जा," मावशी म्हणाली. "जाकीट तुमच्या टोळीचं आहे. पण टेम्पोत मी बसणार नाही, आणि कुणाच्या पुढं जाणार नाही. आता उजेडातून सरक, मला सुळा दिसत नाही."

त्या रविवारी पिवळं जाकीट मास्तरच्या अंगात होतं. मास्तर म्हणजे तलावावर पोहायला शिकवणारा गडी, मांड्या अशा की सायकलच दमावी. त्याला मागं राहायला सांगणं म्हणजे वासराला दावणीला उभं राहून गवताकडं नुसतं बघ म्हणण्यासारखं. पहिली दोन वळणं तो राहिला. नंतर एकाला मदत करायला पुढं झाला, मग दुसऱ्याशी गप्पा मारायला, आणि आपण मधोमध आलोय हे त्याच्या गावीही नव्हतं. हळू माणसाच्याही मागं, त्याला न घाबरवता, न ढकलता चालवायचं, ही गोष्ट मांड्यांच्या जोरावर होत नाही.

पाण्याच्या टाकीखाली चहाची टपरी आहे, तिथं आम्ही थांबलो. जाकीट आलं. कप्तानानं फोटो काढला आणि 'सगळे पोचले' असं लिहून ग्रुपवर टाकला. चहा झाला. निघायचं म्हणून सायकल उचलली तर माझा मागचा टायर बसलेला. पंप मावशीच्या कॅरिअरला असतो.

"मावशी कुठंय?" मी विचारलं.

"आली असेल की. जाकीट आलंय ना," कुणीतरी म्हणालं.

मग सगळे मास्तरकडं बघायला लागले, आणि मास्तर स्वतःच्या अंगातल्या जाकिटाकडं. मावशी नव्हती. आणि लिफ्टवालाही नव्हता. हा लिफ्ट दुरुस्त करणारा, अंगानं चांगला भरलेला, डॉक्टरनं दम दिला म्हणून नुकताच टोळीत आलेला. दिवसभर लोकांची वर जायची सोय करतो, पण स्वतःला चढावर नेताना त्याचा जीव निघायचा.

मावशीचा फोन वाजत राहिला. कप्तान उलटा फिरला. मी चहावाल्याच्या पुतण्याची सायकल मागून घेतली आणि त्याच्या मागं गेलो.

दोघं उड्डाणपुलाच्या चढावर सापडली. लिफ्टवाल्याच्या बुटाची नाडी चेनमध्ये गुंतून पार आत ओढली गेली होती. तो कठड्याला टेकून, एक पाय सायकलला बांधल्यासारखा उभा. बाजूनं गाड्या धडधडत होत्या. मावशी रस्त्यावर मांडी घालून कवळ्यांच्या त्या छोट्या सुरीनं नाडी कातरत होती.

"मावशी, फोन का नाही उचलला?" कप्तान म्हणाला.

"फोन उचलू का याचा बूट?"

"मी म्हटलं त्यांना, तुम्ही व्हा पुढं," लिफ्टवाला बिचारा कानकोंडा होऊन सांगत होता. "माझ्यापायी कशाला खोळंबा."

"गप रे. पाय हलवू नको, नाहीतर अंगठा जाईल आणि मला फक्त दात बनवता येतात."

नाडी सुटली. मावशीनं काळे हात कठड्याला पुसले, लिफ्टवाल्याला सायकलवर बसवलं आणि स्वतः उठताना गुडघा धरून जराशी थांबली. कप्तानानं ते बघितलं.

"तुम्ही दोघं चला," तो मऊ आवाजात म्हणाला. "मी येतो मागून."

"माझ्या मागून?"

"हो, म्हणजे सोबतीला."

"पुढं हो," मावशी म्हणाली. "माझ्या मागं कुणी नसतं."

"मावशी, हट्ट कशाला आता?"

"हट्टच आहे. आधी हा जाईल, त्याच्या मागं तू, मग हा दारातला, मग मी. नाहीतर मी इथंच बसते, मला आज घाई नाही."

तिनं खरंच सायकल कठड्याला लावली. कप्तान निमूट पुढं झाला. लिफ्टवाला धापा टाकत, जेमतेम चाक फिरवत निघाला, आणि त्याच्या मागं आमचा कप्तान. इतक्या हळू चालवायची त्याला सवयच नाही. सायकल इकडं झुकायची, तिकडं झुकायची. दोनदा बूट सुटेना म्हणून तो आडवा होता होता वाचला. मागून मावशीचा आवाज यायचा, "ब्रेक सोड. नजर लांब टाक. त्याच्या चाकाकडं बघू नको, तो बावरतो." टाकीपर्यंत कप्तानाच्या शर्टाचं पोतेरं झालं.

टपरीवर निम्मी माणसं निघून गेली होती. लिफ्टवाल्यानं लागोपाठ दोन चहा ढोसले आणि आपली सायकल सगळ्यांच्या मध्ये उभी केली, पहिला आल्यासारखी.

सोमवारी सकाळी कप्तान परत त्या खोलीत. मी परत दारात.

"मास्तर आणि काहीजण वेगळे निघतायत," तो म्हणाला. "त्यांना जोरात जायचंय."

"जाऊ दे. रस्ता काही माझ्या बापाचा नाही."

"तुम्ही राहिलात तर अजून जातील."

"तू?"

कप्तानानं मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडली. मग म्हणाला, "तुम्ही आधी गुडघा दाखवा. बरा होईपर्यंत मागं मी राहतो."

"दाखवते. पण पायडल मारायचं थांबव असं डॉक्टर म्हणाला, तर त्याला म्हणेन की म्हातारपणी तुझे दात तूच बनव." तिनं चष्मा वर सरकवला. "आणि तू मागं राहणार म्हणे. तुला धड हळू चालवता येत नाही. काल बघितलं सगळ्या पुलानं. रविवारी ये. माझ्या पुढं चालव आणि शीक. तुला जमलं असं मला वाटलं, की मग बघू."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर माझ्या पुढंच राहायचंस."

कप्तानानं पिशवीतून जाकीट काढून टेबलाच्या कडेला ठेवलं. मावशीनं ते उचलून परत खुंटीला अडकवलं, प्लास्टरची धूळ लागू नये म्हणून. मग तोंडावर फडकं बांधलं, मशीनचं बटण दाबलं आणि कुणा म्हाताऱ्याची खालची कवळी चाकाला धरली. गुलाबी भुकटी उडायला लागली. कप्तान अजून काहीतरी म्हणत होता, पण त्या घरघरीत काही ऐकू येईना. तिनं कवळी उजेडात फिरवून बघितली, अंगठ्यानं कड चाचपली. एक कोपरा अजून टोचत होता. तिनं तो परत चाकाला लावला.