हरभऱ्याच्या शेतातला माणूस

"आता कुठं?"

कॅप्टनांचा हा प्रश्न पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत कुणालाच चुकला नाही. माझ्या स्कुटीवर मागं बसून पडेगावला निघाले की हमखास कानाशी यायचा. "ताई, आत्ता विमानाचं इंजिन बंद पडलं, तर कुठं उतरशील?" मी म्हणायची, "पेट्रोल पंपावर." ते कपाळाला हात लावायचे. लग्नाला गेले तरी नवरा-नवरी सोडून त्यांची नजर लॉनची लांबी मापत असे. तुमच्याही ओळखीत असं एखादं वेडं माणूस असेलच.

पडेगावच्या धावपट्टीवरून, दोन माणसांच्या छोट्या विमानात ते मुलांना उडायला शिकवत. नियम एकच. "एकदा शेत निवडलं की बदलायचं नाय. मन बदललं की मेलात."

एका हिवाळ्यात मला फिरवायला घेऊन गेले. बिडकीनच्या अंगाला आलो आणि आवाज थांबला. समोरचा पंखा निमूट उभा राहिला. इतकी शांतता, की खाली कुत्रं भुंकलेलं ऐकू आलं. मला वाटलं, गंमत करताहेत.

"आता कुठं?" मीच हसून विचारलं.

कॅप्टन हसले नाहीत. त्यांनी हरभऱ्याचं एक सपाट, हिरवं शेत दाखवलं, आणि वाऱ्याच्या नुसत्या सळसळीत आम्ही खाली येऊ लागलो.

शेत अगदी समोर आलं तेव्हा ते ओरडले, "अरे, तो नको म्हणतोय!" आणि त्यांनी विमान वळवलं. शेजारच्या नांगरलेल्या रानात आम्ही आदळलो. एक चाक तुटलं, माझा ओठ फुटला, पण दोघंही जिवंत होतो.

"कोण नको म्हणत होतं?"

"तो माणूस. पांढरा सदरा. दोन्ही हात हलवत होता."

मी सगळा वेळ त्याच शेताकडे बघत होते. तिथं कुणीही नव्हतं.

चालत जाऊन पाहिलं. शेताच्या मधोमध कठडा नसलेली विहीर होती, तोंडावर वेली माजलेल्या. सरळ गेलो असतो तर तिच्यातच. भोवतीच्या ओल्या मातीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

कॅप्टन बांधावर बसले. "जे नाही ते ज्याला दिसतं ना ताई, त्यानं विमान चालवायचं नसतं. तो माणूस मला सापडला पायजे." बायको गेलेली, मूलबाळ नाही, उडण्यावाचून त्यांना दुसरं होतं काय? मला रडू आलं.

शेताची मालकीण पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. शेतात गडी कोण होता, कॅप्टनांनी विचारलं.

"कुणी नाय. मी एकलीच करते." मग तांब्या पुढं करत, "कसा व्हता?"

"पांढरा सदरा. डावी बाही वर सारलेली."

तांब्यातलं पाणी सांडलं. "आमचे मालक त्याच हिरीत गेले. लई दिस झाले."

कॅप्टनांना साक्ष मिळाली होती, पण उडायला फिट ठरवणाऱ्या कुठल्या डॉक्टरला ती सांगणार?

ती जवळ आली. हळूच म्हणाली, "लई वाळलेले दिसत व्हते का वो?"

"नाय माय. चांगले धडधाकट होते."

त्यानंतर कॅप्टन कधी उडाले नाहीत. दर हिवाळ्यात मात्र तिच्याकडे जायचे. ती तेच विचारायची, ते तेच सांगायचे.

यंदा कॅप्टन नाहीत. ते गेल्याचं सांगायला मी एकटीच गेले. तिनं विहिरीकडे पाहिलं.

"ताई, तुमी बी व्हत्याच की इमानात. तुमाला दिसले ना?"

"दिसले की," मी म्हणाले.