तीन बोटं

"तुमचीच तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घाला," डॉक्टर म्हणाले. माझ्या नवऱ्याचं, सॅम्युअलचं, एकच बोट आत गेलं. दुसरं दातांवर अडलं. हे कसंनुसं हसत माझ्याकडे बघत राहिले. चंद्रपूरच्या दवाखान्यातली ती खोली अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

गालाची आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. गालातल्या जखमेचा तुकडा काढून तपासला, ती बायोप्सी. रिपोर्टात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघाला. म्हणजे तोंडाचा कॅन्सर. "खर्रा किती वर्षांपासून खाता?" डॉक्टरांनी विचारलं. हे भिंतीकडे बघू लागले.

खर्रा ज्यांना माहीत नाही त्यांचं नशीब चांगलं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतात, तो खर्रा. आमच्या मूल गावात तो चहाइतका सहज मिळतो. आमच्या भिंतीला लागूनच सुधाकरभाऊंचं घर, आणि घरापुढे त्यांचा पानठेला. हे राइस मिलमध्ये जाता-येता तिथं थांबायचे. यांचा खर्रा भाऊ न मागता घोटून ठेवायचे, स्वतःच्या गालातही एक असायचाच.

खुणा आधीपासून होत्या. भाजी तोंडाला झोंबायची, तर हे म्हणायचे, "तू तिखट जास्त टाकून राह्यली." मी मिरची कमी केली. मग चर्चमध्ये ज्यांच्या गाण्यानं पत्रे हलायचे, त्यांचे शब्द दातांतच राहू लागले. आम्ही म्हटलं, घसा बसला असेल. तुमच्या घरात असं काही दिसलं तर मिरचीला दोष देत बसू नका.

नागपूरला ऑपरेशन झालं. जबड्याचा तुकडा गेला. नाकातून पोटापर्यंत नळी घातली, तिला रायल्स ट्यूब म्हणतात. पातळ अन्न तिच्यातूनच द्यायचं. सुधाकरभाऊ ठेला बंद करून आमच्यासोबत आले होते. मी बोलावलं नव्हतं. नळीतून पेज कशी द्यायची, हे ते नर्सबाईंकडून शिकले. पेज दोनदा गाळायचे, हातावर थेंब टाकून बघायचे. मला ते हात बघवत नसत. याच हातांनी खर्रा घोटला होता.

मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते, शेजाऱ्यावर स्वतःइतकं प्रेम करा, येशूनं सांगितलंय. शेजारी म्हणजे कोण, असं मुलं विचारतात. मी आजारी म्हातारी, उपाशी वाटसरू अशी सोपी उदाहरणं देते. पानठेलेवाला कधी सुचला नव्हता.

एकदा वॉर्डच्या दारातच माझा बांध फुटला. "तुमच्याच हातचं खाऊन यांची अशी गत झाली, भाऊ!"

"मले माईत हाय, वहिनी," ते म्हणाले. "पण दुसरं काई येत नाई मले." आणि पेजेचं भांडं विसळायला निघून गेले.

यांनी ते ऐकलं होतं. बोलता येत नव्हतं, म्हणून माझ्या थर्मासकडे बोट केलं, मग दाराकडे. भाऊंना चहा दे. मी दिला, पण तोंड फिरवून दिला.

रेडिएशन झालं, म्हणजे मशीनच्या किरणांचे शेक. तरीही आजार उलटला. "आता घरी न्या. दुखणं कमी ठेवू, एवढंच आपल्या हातात आहे," डॉक्टर म्हणाले. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. धानकापणीच्या दिवसांत हे गेले. भाऊंनी खांदा दिला, माती दिली. थोड्या दिवसांनी ठेला पुन्हा उघडला. घोटण्याचा आवाज आला की मी दार लावून घेऊन रडायचे.

नाताळाला शेजारी फराळाचं ताट न्यायचं काम यांचं असे. यंदा मी गेले. भाऊंनी करंजी उचलून तोंडाशी नेली, परत खाली घेतली आणि तिचे बारीक तुकडे केले. एकेक तुकडा दातांमधून आत सरकवू लागले.

मी ताट बाजूला सरकवलं.

"भाऊ, तोंड उघडा."

"काऊन?"

"उघडा. तीन बोटं घाला."

दोन गेली, तीही अडत अडत. तिसरं दातांवर थांबलं. भाऊ तसंच कसंनुसं हसत माझ्याकडे बघत राहिले. इतके महिने सांभाळलेला राग मी शोधला, तर हाती लागेना. नुसतं रडू आलं.

"सकाळच्या गाडीनं चंद्रपूरले जाऊ," मी म्हटलं. "मी येईन संगं."

तुम्हीही आज आरशापुढे उभं राहून तीन बोटं घालून बघा. घरच्यांची बघा, शेजाऱ्यांचीही बघा. दोनच जात असतील तरी थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आमच्या घरी हे कोणी वेळेवर सांगितलं नाही, आणि माझ्या अंथरुणाची एक बाजू आता रिकामी आहे.

सकाळी गाडीत मी खिडकीची जागा भाऊंना दिली. थर्मासातला चहा कपात ओतला. त्यांना झोंबू नये म्हणून फुंकून फुंकून निववला, आणि त्यांच्याकडे बघत हातात दिला.