रविवारचा ओझोन

त्या वर्षी जो तो हडपसरच्या बाजूला नोकरीला निघाला होता आणि मी कसबा पेठेतल्या एका गच्चीवर हवा मोजत बसले होते. वर्ध्याहून पीएचडीला आलेली मी. माझी रूममेट सकाळी कंपनीच्या बसनं सॉफ्टवेअर लिहायला जायची, मी सायकलवरून ओझोनकडे. "तुझा ओझोन पगार किती देतो गं?" असं ती येताजाता विचारायची. मला भयंकर राग यायचा, पण गच्चीवरच्या खोलीत शिरले की तो कुठल्या कुठे जायचा, कारण तिथलं यंत्र माझं फार लाडकं होतं. नळीनं बाहेरची हवा ओढायची, तीत ओझोन किती ते पाहायचं आणि कागदाच्या गुंडाळीवर पेननं रेघ काढायची, एवढंच ते करायचं. ऊन तापू लागलं की ती रेघ चढायची आणि मी जेवायचं विसरायचे.

जमिनीलगतचा ओझोन वाईटच. घसा खवखवतो, दमेकऱ्यांचे हाल होतात. गाड्यांच्या धुरावर ऊन पडलं की तो तयार होतो, म्हणजे रविवारी रस्ते मोकळे असताना तो कमी व्हायला हवा. माझी रेघ मात्र नेमकी रविवारीच जास्त चढायची. माझं म्हणणं असं, की नुकताच बाहेर पडलेला धूर ओझोनला खाऊनही टाकतो. रविवारी खाणारा धूर कमी, म्हणून ओझोन उरतो. सर, म्हणजे माझे गाइड, म्हणत की यंत्र खोटं बोलतंय. तळमजल्यावर तांब्याच्या भांड्यांना पॉलिश करायचा कारखाना होता. रविवारी त्याच्या मोटारी बंद, म्हणून इमारतीतला विजेचा दाब वाढतो आणि यंत्र जास्त दाखवतं, असा त्यांचा पक्का संशय. स्टॅबिलायझर लावूनही तो जाईना.

"सगळे रविवार काढून टाक," सर एक दिवस म्हणाले. "नाहीतर यंत्र परत पाठवू आणि तू दुसरा विषय घे."

रविवार काढले तर माझ्या कामात राहत काय होतं? तेवढीच तर गोष्ट मला स्वतःला सापडली होती. मी तडक खाली कारखान्याच्या मालकांकडे गेले आणि एका रविवारी मोटारी चालवाल का, असं विचारलं. काका साठीचे, बनियनवर बसलेले. त्यांनी मान वरही केली नाही.

"अहो ताई, रविवार माझा आहे. साक्षात गणपतीनं सांगितलं तरी मोटार लावणार नाही."

विषय संपला. रूममेटनं लगेच तिच्या कंपनीत माझ्यासाठी विचारणा केली, आणि मीही तिला नको म्हटलं नाही.

मग पुणे बंद जाहीर झाला. कशासाठी, ते आता आठवतही नाही. सगळं शहर चरफडत होतं आणि मी खोलीत एकटीच नाचत होते. बंद कामाच्या दिवशी होता! रस्ते रविवारपेक्षाही मोकळे, वर कडक ऊन. पण नाचता नाचताच लक्षात आलं, की बंद म्हणजे कारखानाही बंद. सर पुन्हा विजेवर बोट ठेवणार. आनंदावर विरजण पडलं. तरी धीर करून पुन्हा काकांपुढे उभी राहिले.

"बंद काय मला विचारून केलाय?" काका उखडले. "रविवार मी ठेवलाय. हा कोण कुठला माझ्यावर लादतोय? शटर लावतो आणि सगळ्या मोटारी फिरवतो. तुम्ही वर बसा."

माणूस असा हट्टी असावा!

बंदच्या दिवशी पेठेत चिटपाखरू नव्हतं. खाली बंद शटरमागे मोटारी घरघरत होत्या आणि वर मी देव पाण्यात घालून बसले होते. मधेच शटरवर दणादण थापा पडल्या. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. पाचसहा कार्यकर्ते. काकांनी शटर हातभर वर केलं.

"काका, बंद आहे ना आज?"

"बंदच होतं. तुम्ही वाजवलंत म्हणून उघडलं."

काकांनी शटर पुन्हा खाली ओढलं. कार्यकर्ते गेले. मोटारी क्षणभरही थांबल्या नव्हत्या.

दुपारी रेघ चढू लागली. नेहमीची उंची गाठली, मग रविवारची, आणि तरी थांबेना. "अरे बाप्पा!" मी मोठ्यानं ओरडले. ऐकायला कुणी नव्हतं. फोन करायला धावले तर एसटीडी बूथही बंद. शेवटी सायकल काढली आणि रिकाम्या लक्ष्मी रोडवरून मधोमध, गाणी म्हणत, सरांच्या घरी गेले. एवढी खूश मी लग्नातही नव्हते.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "मोटारी चालू आहेत? नक्की?" एवढंच विचारलं, चपला घातल्या आणि माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसले. एरवी ते कॉलेजातही रिक्षानं यायचे.

वर येऊन त्यांनी आधी स्वतः विजेचा दाब मोजला. रोजच्याइतकाच होता. मग कागद पाहिला आणि माझ्या स्टुलावर बसून राहिले. चारच्या सुमारास बंद सैल झाला. ऊन अजून होतं. खालच्या गल्लीतून एक रिक्षा गेली, मग दुसरी, मग तीनचार एकदम, धूर सोडत. पेन थरथरलं आणि रेघ झपकन खाली आली. सर उठून उभे राहिले.

"रविवार ठेव," ते म्हणाले. "सगळे ठेव."

मला रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही. तेवढ्यात काका हात पुसत जिना चढून आले.

"वाढला का तुमचा तो?"

"वाढला, काका! खूप वाढला!"

"म्हणजे हवा चांगली?"

"नाही. वाईट."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे वळले. "अहो, शहराची हवा वाईट निघाली, आणि ह्या हसतायत का?"

 सरही हसत होते.