कणांच्या मधे काय असतं

रंजनाचा यवतमाळहून फोन आला तेव्हा मी ओसरीत तुरीची डाळ पाखडत होते. "काकू, आपल्या बाई गेल्या," ती म्हणाली. फोनमधून तिच्याकडच्या रस्त्यावरचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. अशा वेळी माणूस काय विचारतं? मी विचारलं, "जेवल्या होत्या का?" रंजनाला हसू आणि रडू एकदमच आलं. म्हणाली, "हो काकू. भाकर खाल्ली, अन् भाकरीवरून वहिनीसंग वादही घातला." ते ऐकून मला जरा बरं वाटलं. भाकरीत पाण्याची वाफ होते, ती पसरते, म्हणून भाकर फुगते, हे शैलाबाईंनी शेवटच्या दिवशीही कोणाला तरी सांगितलं असणार.

त्याला आता महिना होऊन गेला. रविवारच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांवर लिहितात, ते मी वाचत असते. वाचायची सवय बाईंनीच लावली. त्यांचा पेपर संध्याकाळी माझ्याकडे यायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्या विचारायच्या की काय वाचलंस. मी चौथी शिकलेली. आमच्या गावात तेव्हा शाळाच चौथीपर्यंत होती. हे लिहिलेलं मी कुठे पाठवणार नाही, पण बाईंना सांगितल्यासारखं लिहीन म्हणते.

बाई आमच्याकडे भाड्याने राहायला आल्या ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून ज्याच्या त्याच्या घरात कापूस भरलेला. आमचं मधलं घर आढ्यापर्यंत भरलं आणि तरी कापूस उरला, तेव्हा बाईच म्हणाल्या, माझ्या खोलीत टाका, मी एकटी किती जागा घेते. पुढचे दोन महिने त्या कापसाच्या ढिगाशेजारी खाट टाकून झोपल्या. अंग खाजायचं, तर कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ करायच्या आणि शाळेत शिकवायला जायच्या. यवतमाळच्या सरकारी नोकरीतल्या घरातली मुलगी, वडील कचेरीत, आजोबा कचेरीत. लग्न केलं नव्हतं. आमच्या गावातली शाळा एव्हाना सातवीपर्यंत झाली होती, आणि नेरहून येणारी बस फाट्यावरच सोडून जायची, म्हणून त्यांनी गावातच खोली घेतली.

खोलीत त्यांचा स्टोव्ह होता, पण रात्रीची भाकर आमच्यातच. मी चुलीपाशी, आणि बाई पालथ्या घातलेल्या तेलाच्या डब्यावर. तिथे बसून त्या उद्याचा धडा मला सांगायच्या. ही त्यांची रीतच होती. म्हणायच्या, "कांता, मी सांगते, तू मला अडव. तुला समजलं तर पोरांना समजेल." मी कसली अडवते. मी 'हो' म्हणायची. फोडणीचा वास ओसरीपर्यंत कसा जातो, साखर पाण्यात दिसेनाशी झाली तरी पाणी गोड का लागतं, कापूर डबीतल्या डबीत कमी का होतो... मी 'हो' म्हणत भाकरी थापायची. कापूर उडू नये म्हणून त्याच्या डबीत आम्ही मिरे टाकतो, त्याचं काय, असं तोंडावर आलं होतं. पण विचारलं नाही. लहानपणापासून माझं तसंच. कोणी नाव विचारलं तरी पदराचं टोक तोंडात जायचं. चूक बोलले आणि लोक हसले तर, ही धास्ती पोटात कायमची बसलेली.

एका संध्याकाळी बाई फार खुशीत आल्या. सातवीला पदार्थाच्या कणांचा धडा सुरू झाला होता. प्रत्येक वस्तू बारीक बारीक कणांची असते, स्थायूत ते जवळजवळ दाटून असतात, वायूत दूर दूर. पोरांना हे काही केल्या दिसत नव्हतं, आणि बाईंना आमच्याच घरात उत्तर सापडलं होतं. भरलेल्या खोलीत आणखी कापूस मावावा म्हणून आम्ही तो पायाने तुडवतो. गाडीत भरतानाही गावातली पोरं वर चढून नाचतात. बाईंनी वर्गात सांगितलं होतं, मोकळा कापूस म्हणजे वायू, आणि जिनिंगच्या कारखान्यात दाबून बांधलेली गाठ म्हणजे स्थायू. कण तेच, फक्त जवळ आले. पोरांचे चेहरे उजळले म्हणे. गावातली पोरं कापसातच वाढलेली, त्यांना ते लगेच कळलं.

पण नंतर त्यांनी विचारलं, "मग या कणांच्या मधे काय असतं?" तर सगळा वर्ग खाली मान घालून बसला.

हे सांगता सांगता त्यांनी मलाही विचारलं. मी भाकर उलटत होते, लक्ष तव्यावर, म्हणूनच की काय तोंडातून निघून गेलं, "हवा. दुसरं काय असन?"

बाई डब्यावरून उठल्याच. मला वाटलं, झालं, चुकलं. त्या म्हणाल्या, "कांता, पुन्हा म्हण." मी पुढची भाकर थापायला घेतली. मग त्या स्वतःच बोलू लागल्या, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. कापसाच्या धाग्यांमधे हवा असते हे खरं. म्हणून पोरांनाही तेच वाटत असणार. पण हवा स्वतःच कणांची आहे. मग हवेच्या कणांच्या मधे काय?

"आणखी बारीक हवा," मी हळूच म्हटलं. एकदा चुकलंच होतं.

"आणि तिच्या मधे?"

"बाई, भाकर जळून राह्यली."

त्या इतक्या हसल्या की बाहेरून हे विचारत आले, काय झालं. मग बाईंनी सांगितलं, कणांच्या मधे काही नसतं. पोकळी. मला ते मुळीच पटलं नाही. काही नाही असं कुठे असतं? रिकाम्या मडक्यातही हवा असते, हे त्यांनीच शिकवलं होतं.

त्या रात्री जेवताना त्यांनी भलतंच काढलं. म्हणाल्या, उद्या वर्गात ये. मी हाच प्रश्न विचारीन, तू हेच उत्तर दे. "पोरं चूक बोलली तर मी दुरुस्त करीन. पण गप्प बसली तर काय करू? तू मोठी बाई चुकलीस, तर त्यांना चुकायला हिंमत येईल." त्यांना खरी काळजी रंजनाची होती. शेजारच्या घरची पोर, वेचणीच्या हंगामभर शेतात राहून आत्ताच शाळेत परतलेली. वर्गात शेवटी बसायची, काही विचारलं की डोळे पाण्याने भरायचे, आणि घरी म्हणत होती, मले काही येत नाही, मी आता जात नाही. तिचा बापही म्हणाला होता, नको जाऊ, घरी काम आहेच. बाई म्हणाल्या, "पोरं कापसामुळे जातात, पण कापसामुळे परत येत नाहीत असं नाही. परत येत नाहीत ती भीतीने."

मी म्हटलं, माझ्याने होणार नाही. हे पाटावरून म्हणाले, "जाय नं वो. चौथीतच अडकून पडली हायेस, बाई तुले पाचवीत टाकतीन." माझा मुलगा तेव्हा पाळण्यात होता, तोही बापाचं ऐकून हसला असं मला वाटलं. मी रागाने ताटं उचलली. पण झोप आली नाही. माझ्या डोळ्यासमोर रंजना येत होती, पदर तोंडात धरलेली. तिला पदरच नव्हता, फ्रॉक होता. पदर माझा होता.

दुसऱ्या दिवशी मी गोणपाटाच्या थैलीत कापूस घेऊन गेले, म्हणजे कोणी विचारलं तर कापूस द्यायला आले असं सांगता येईल. बाईंनी थैली घेतली आणि मला मुलींच्या बाजूला, मागे, रंजनाजवळ बसायला सांगितलं. पोरं वळून वळून पाहत होती. बाईंनी कापूस टेबलावर मोकळा केला, मग दाबला, आणि विचारलं, "मधे काय असतं?"

कोणीच बोललं नाही. बाईंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या खिडकीबाहेर पाहत उभ्या राहिल्या, जशी काही त्यांना घाई नाही. त्यांनी पाहिलं असतं तर मी उठून गेले असते, हे त्यांना माहीत होतं. वेळ जात होता. शेवटी माझा आवाज मलाच ऐकू आला, "हवा."

सगळा वर्ग हसला. मी खाली पाहिलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "ज्याला कांताकाकूंचं उत्तर चूक वाटतं त्याने हात वर करा. आणि बरोबर कोणतं तेही सांगायचं." हसू थांबलं. एकही हात वर नाही. मग माझ्याजवळून, अगदी हळू आवाजात, रंजना म्हणाली, "बाई, मलेही हवाच वाटते." तिच्या पुढची म्हणाली, मलेही. मग पोरंही म्हणू लागली. पाहता पाहता सारा वर्ग आमच्या बाजूने.

बाई म्हणाल्या, "तुमची चूक नाही. माझं कापसाचं उदाहरण चुकलं. अर्ध्यापर्यंत चांगलं चाललं आणि पुढे त्याने तुम्हाला भलतीकडे नेलं." मास्तर लोक असं म्हणतात हे मला माहीत नव्हतं. मग त्यांनी पिशवीतून सुई काढलेलं इंजेक्शन काढलं. नवं, दवाखान्यातून मागून आणलेलं. त्यात हवा घेतली, पुढच्या तोंडावर बोट धरलं आणि दट्ट्या दाबला. तो आत गेला, सोडला तर परत बाहेर आला. मग पाणी भरून तेच केलं, तर दट्ट्या हलेना. इंजेक्शन हातोहात फिरलं. रंजनाने दाबलं, मी दाबलं. बाई विचारत होत्या, हवा दाबली तर कण जवळ आले, म्हणजे आधी त्यांच्या मधे जागा होती. त्या जागेत काय होतं? "अजून बारीक हवा," एक पोरगा म्हणाला. "मंग तिच्या मधात काय?" रंजनाने त्याला विचारलं, चांगली तावातावाने. त्यावरून वर्गात जी भांडणं लागली ती घंटा झाली तरी मिटली नाहीत. शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारात येऊन पाहून गेले.

घरी येताना फाटकापाशी बाई म्हणाल्या, "आज वर्ग बोलला, कांता." रंजना दुसऱ्या दिवशी शाळेत आली. पुढच्या वर्षी वेचणीला पुन्हा गेली आणि पुन्हा परत आली. पुढे ती नेरला शिकली, आता यवतमाळला अंगणवाडीत आहे. सगळीच पोरं अशी परत आली नाहीत, ते बाईंना शेवटपर्यंत लागून राहिलं. पण त्यानंतर त्यांच्या वर्गात चूक बोलायची कोणाला भीती उरली नाही, एवढं मात्र मी गावात राहून पाहिलं आहे.

आणि माझं 'हो' म्हणणं सुटलं. त्यानंतरची सगळी वर्षं मी त्यांना अडवलं. कापरातल्या मिऱ्यांचंही विचारलं. बाईंनी मिरे टाकून एक डबी आणि न टाकता एक डबी माझ्याच देवघरात ठेवली, आणि रोज आरतीआधी आम्ही दोघी वाकून पाहायचो. कापूर दोन्हींतला सारखाच गेला. सासूबाईंना हे सांगायची हिंमत मात्र आम्हा दोघींनाही झाली नाही. मिरे आमच्या घरात अजून टाकतात, मीच टाकते.

बाई निवृत्त झाल्यावर यवतमाळला लोहाऱ्याकडे भावाच्या घरी राहायला गेल्या. खोली रिकामी करताना इंजेक्शन माझ्या चमच्यांच्या उभ्या डब्यात टाकून गेल्या. म्हणाल्या, इथेच राहू दे. दिवाळीनंतर मी त्यांना भेटून आले तीच शेवटची भेट. अंगाने खूप उतरल्या होत्या, उशीला टेकून बसल्या होत्या. मी पाया पडले, तर पाणीही न विचारता म्हणाल्या, "सांग, मधे काय असतं?"

"काही नाही, बाई," मी म्हटलं. "पण मले अजून पटलं नाही."

त्या हसल्या. "राहू दे. मला तरी सगळं कुठे पटलंय?"

मागच्या आठवड्यात शाळेत त्यांची शोकसभा झाली. मुख्याध्यापक बोलले, सरपंच बोलले. मग आणखी कोणी बोलेल का, असं विचारलं तेव्हा सगळे खाली पाहू लागले. रंजना माझ्या शेजारीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहत राहिली... मी उभी राहिले आणि घाबरून शाळेतल्या पोरीसारखं म्हणून गेले, "कांता, इयत्ता चौथी." लोक हसले. मला वाईट वाटलं नाही. हसल्यावर वर्ग मोकळा होतो हे मला माहीत होतं. मी म्हटलं, बाई आमच्या चुलीपाशी बसून मला धडे सांगायच्या, आणि मी चुकले की फार खूश व्हायच्या. एवढंच बोलले. त्यानंतर मात्र लोक उठून उठून बोलू लागले, घरी जायला अंधार झाला.

आता मी गॅसवर स्वयंपाक करते. पालथा डबा तिथेच आहे, नात त्याच्यावर बसून पोळीचा तुकडा मागते. आज संध्याकाळी पोळ्या झाल्यावर मी ते इंजेक्शन काढलं. तोंडावर बोट धरलं, दट्ट्या दाबला. थोडा आत गेला, आणि मग त्याने माझ्या अंगठ्याला परत ढकललं. नात म्हणाली, "आजी, त्याच्यात काय आहे?" मी तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, तूच सांग. ती दाबून पाहत आहे. मी पोळ्या फडक्यात गुंडाळते आहे, आणि खिडकीबाहेर पाहते आहे. तिला काय बोलायचं ते बोलू दे, मला घाई नाही.