कँटीनबाहेरचे दोन नळ

विश्राम साळवी गेला आणि आमच्या औद्योगिक वसाहतीतलं एक पर्व संपलं. हे वाक्य माझं नव्हे. कारखानदारांच्या ग्रुपवर ते आलं आणि त्याच्याखाली लगेच दुसरा निरोप होता: आज टँकर उशिरा येईल. मी तेव्हा नळांना क्रोमच्या आधीचं निकेल चढवत होतो. हात पुसून फोन पाहिला आणि मनात पहिला विचार आला तो असा, की आता हा कायमचा पुढे गेला...

महिना उलटलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. विश्राम आणि मी रत्नागिरीच्या कॉलेजात एका बाकावर बसून रसायनशास्त्र शिकलो आणि पुढे वसाहतीत शेजारीशेजारी शेड घेतल्या. मधे एक भिंत. दोघांचा धंदा एकच, क्रोम प्लेटिंग: नळ, मोटारसायकलचे सायलेन्सर, होड्यांच्या कड्या. क्रोमच्या टाकीत वीज सोडली की बुडबुडे येतात आणि आम्लाचे बारीक तुषार उडून नाकाची वाट लावतात. ते दाबायला आम्ही सगळेच एक फ्लोरिनयुक्त द्रव घालायचो. जरासा घातला की टाकी गप्प. पण तो द्रव धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो आणि मातीत, विहिरीत, रक्तात जाऊन तसाच राहतो. कुजणं त्याला माहीतच नाही. याबद्दलचा लेख आम्ही दोघांनी एकाच मासिकात वाचला. मी वाचून मासिकाची घडी घातली. त्याने वाचून टाकी रिकामी केली.

"दत्ता, गावी पावसला माझी आंब्याची कलमं आहेत, विहीर आहे. नात तेच पाणी पिते," तो म्हणाला.

"अरे, इथलं पाणी पावसला कसं जाईल? मधे खाडी आहे."

"मग इथं कुणाला नात नाय, असं म्हण."

ही त्याची खोड. समोरच्याला उत्तर देता येणार नाही असंच काहीतरी बोलायचं आणि मग चहा मागवायचा.

त्याने जुनं क्रोम टाकून दुसऱ्या जातीचं आणलं. त्याला तो द्रव लागतच नाही. मात्र त्याचा रंग किंचित सावळा येतो. आमच्याकडे लग्नाच्या मुलीपासून नळापर्यंत सगळं गोरं लागतं. "साळवीशेठ, जरा काळपट वाटतंय," असं म्हणत त्याची गिऱ्हाइकं भिंतीच्या अलीकडे आली. माझा धंदा वाढला. गिऱ्हाइकं माझ्याकडे आली आणि आदर त्याच्याकडे गेला. कॉलेजने त्याला व्याख्यानाला बोलावलं, संघटनेने शाल दिली. पहिल्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्या गृहस्थांचा माल त्या दिवशी माझ्या टाकीत होता.

पुढे एका मोठ्या गिऱ्हाइकाने तो द्रव वापरत नसल्याची लेखी हमी मागितली, तेव्हा मीही टाकी बदलली. मला शाल मिळाली नाही. पहिला करतो त्याला दूरदृष्टी म्हणतात. दुसऱ्याला फक्त "आलास का शेवटी, मेल्या?" एवढंच विचारतात, आणि तेही विश्रामनेच विचारलं. वर तो रोज संध्याकाळी येऊन माझ्या टाकीपाशी बसू लागला. हे नवं क्रोम फार नखरेल, जरासं तांबं मिसळलं तरी मालावर काळे ओघळ उठवतं. ओघळ कशाने आले ते तो शोधून द्यायचा, तेही फुकट. मदत करणाऱ्याचा हेवा करत राहणं फार जड जातं. मी जमवलं.

पण आमची खरी लढत वसाहतीच्या कँटीनबाहेर, हात धुवायच्या जागी चालली होती. त्याचा सावळा रंग मला दहा पावलांवरून ओळखता येतो, असं मी सगळ्यांना सांगायचो. मी टाकी बदलण्याआधीच एक दिवस तो एक नळ घेऊन आला. "तुझा एक आण. शेजारी शेजारी लावू. खाऱ्या वाऱ्यात आधी कुणाचा फुटतो, बघू." पितळेच्या नळावरचं क्रोम फुटलं की आतून हिरवा डाग वर येतो. डावा माझा, उजवा त्याचा. तेव्हापासून जेवण झालं की हात धुवायला दोघं जायचो आणि वाकून नळ बघायचो.

"तुझ्यावर काहीतरी दिसतंय रे."

"बांगड्याचा रस्सा आहे तो. तुझाच हात लागलाय."

वर्षं गेली. एकही नळ फुटला नाही... विश्राम मात्र गेला.

शोकसभेत एका वक्त्याने त्याला वसाहतीचा भगीरथ म्हटलं. माझ्याशेजारी बसलेल्या सुलभावहिनी, म्हणजे त्याची बायको, हळूच म्हणाल्या, "हे इतके मोठे होते, मला कुणी बोललं नाही." मग म्हणाल्या, "घरी तुमच्यावर जळायचे हो. दत्ताच्या क्रोमची जुनी झळाळी मला काही साधली नाही, म्हणायचे." तो गेल्यापासून एवढं सांत्वन माझं कुणीच केलं नव्हतं.

सभा संपल्यावर मी कँटीनकडे गेलो. उजव्या नळाच्या मानेवर हिरवा डाग आला होता. स्पष्ट, मसुरीएवढा. मी जिंकलो होतो. कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून कँटीनवाल्या हसनभाईंना हाक मारली.

"तो उजवा साळवींचाच ना?"

"आता कसा सांगू, शेठ? मागे पायप बदलला तेव्हा दोन्ही काढले होते. कुठचा कुठं लावला, ध्यानात नाय. दोन्ही सारखेच तर दिसतात."

मी दहा पावलं मागे गेलो आणि बघितलं. मग पुढे आलो, चष्मा पुसला, आणि पुन्हा बघितलं...

अजूनही जेवण झालं की हात धुवायला तिथेच जातो आणि वाकून बघतो. दोन्ही नळ गळतात.