मावशीची पहिली चक्कर

चौकातल्या सायकलच्या दुकानात मावशीचा शब्द शेवटचा. चाक फिरवून नुसता कान दिला, की कुठली तार ढिली आहे ते ती सांगायची. काम झालं की गिऱ्हाइकाला म्हणायची, "एक चक्कर मारून बघा." स्वतः तिने मात्र कधी चक्कर मारली नव्हती, आणि हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्या वर्षी टेकडीपलीकडच्या शाळेची बस बंद झाली. मावशीच्या बहिणीने जाहीर केलं, भिंगरीची शाळा आता पुरे. भिंगरी म्हणजे बहिणीची लेक. ती चालत गेली तर पहिला तास बुडायचा आणि परतताना अंधार व्हायचा, तेव्हा आईचंही काही चूक नव्हतं. पण मावशीच्या ते जिवाला लागलं. तिने भंगारातून कुणाची फ्रेम, कुणाची चाकं असं जमवून एक झकास सायकल उभी केली.

पहिल्या दिवशी भिंगरी आणखीच उशिरा पोचली. कॅरिअरवर दप्तर ऐटीत बसलं होतं आणि ही बया हँडल धरून सायकल ढकलत गेली होती! कौतुकाच्या भरात चालवता येते का, हे कुणी विचारलंच नव्हतं. आईने कपाळावर हात मारला. सोमवारी वेळेवर पोचली नाहीस तर घरी बसायचं, म्हणाली.

"मग तू शिकव ना," भिंगरी मावशीला म्हणाली.

मावशीने पाना उचलला, ठेवला, परत उचलला. "मला तरी कुठे येते?"

भिंगरी हसून हसून लोळली. मावशी आधी फुगली, मग तीही हसली. वडिलांनी लहानपणी हातात पाना दिला, सायकल दिलीच नाही; पुढे कुणाला सांगायची लाज वाटत गेली.

रविवारी मोकळ्या मैदानात मावशी कॅरिअर धरून धावली. गुडघे सोलून घेत दुपारपर्यंत भिंगरी एकटी चालवायला लागली. मग तिने आढेवेढे घेणाऱ्या मावशीलाही बसवलं. मावशीला तोल लवकर सापडला. उतरताना मात्र दर वेळी भिंगरीला पळत येऊन कॅरिअर धरावं लागायचं.

सोमवारी मावशीचं कामात चित्त नव्हतं. पोरगी पोचली असेल का? शिंप्याची सायकल दुरुस्त झाली तशी ती म्हणाली, "थांबा, चक्कर मीच मारते." शिंपी आ वासून बघत राहिला.

टेकडीला वळसा घालून मावशी शाळेच्या आवारात शिरली. भिंतीला ती भंगारातली सायकल टेकलेली होती, आणि खिडकीतून मान खाली घालून लिहिणारी भिंगरी दिसली. मावशीला भरून आलं. थांबून डोळे भरून बघावं असं वाटलं आणि मग आठवलं, उतरायला आपण कुठे शिकलोय? ती आपली शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारत राहिली. दर फेरीला खिडकी यायची, भिंगरी दिसायची. तेवढ्यावर ती खूश होती.

मधली सुट्टी झाली तशी भिंगरीने धावत येऊन कॅरिअर धरलं.

"वेळेवर पोचलीस?"

"घंटेच्या आधी."

"मग धरू नकोस, सोड. तुझ्या आईला सांगून येते."

"आणि तिथे उतरवणार कोण?"

"तुझी आई. तिलाही जरा सायकलमागे पळू दे."